विद्युत-रासायनिक अमोनिया-निर्मितीचे संशोधन : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

सामान्य तापमानाला, सामान्य दाबाखाली, केवळ हवा, पाणी आणि वीज यांपासून अमोनिया तयार करणे हा गेल्या दशकभरात रसायनशास्त्रातील एक अत्यंत आकर्षक संशोधनविषय ठरला आहे. या विषयावरील शोधनिबंध ओळीने वाचू लागले की त्यांचे पहिले परिच्छेद एकमेकांशी विलक्षण जुळतात. प्रथम हेबर-बॉश प्रक्रियेचा गौरव होतो; लगेच तिच्या ऊर्जाखर्चाबद्दल व कर्बवायूबद्दल तक्रार होते; आणि मग सौरऊर्जेवर चालणारे एखादे लहानसे संयंत्र दुर्गम भागातील शेतकऱ्याच्या बांधावरच खत तयार करील, अशी आशा व्यक्त केली जाते. हा ‘दुर्गम भागातील शेतकरी’ दुसऱ्या परिच्छेदात नाहीसा होतो आणि एकदम उपसंहारात पुन्हा डोकावतो. त्याची जमीन किती, तो कोणते पीक घेतो, त्याला खत कोणत्या महिन्यात लागते, ते तो कोणत्या रूपात टाकतो, यांपैकी एकाही प्रश्नाची दखल मधल्या पानांत घेतलेली आढळत नाही.

प्रस्तुत लेखात या शेतकऱ्याला एक निश्चित पत्ता देण्याचे योजिले आहे. हा पत्ता पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांचा आहे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांची वस्ती, सह्याद्रीच्या उतारावरील खाचरे आणि वरकस जमिनी, पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारे पाडे, असा हा प्रदेश आहे. शोधनिबंधांतील ‘दुर्गम’ हे विशेषण याहून अधिक चपखलपणे कोठे लागू पडेल, हे सांगणे कठीण आहे. तेव्हा प्रश्न असा की, या संशोधनाने जे सिद्ध केले आहे असे ते म्हणते, ते खरोखर सिद्ध झाले आहे काय. आणि झाले असल्यास त्याचा मोखाड्याच्या खाचराशी संबंध काय?

हेबर-बॉशवरील आरोप

फ्रिट्झ हेबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत दाखविलेली व कार्ल बॉश यांनी १९१३ साली ओपाऊ येथे कारखान्यात उतरविलेली प्रक्रिया आज जगाला वर्षाकाठी सुमारे १८ कोटी टन अमोनिया पुरविते. जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी एक ते दोन टक्के वाटा तिचा आहे, हे विधान बरोबरच आहे. परंतु त्यापाठोपाठ ‘४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब’ यांचा उल्लेख अशा रीतीने केला जातो की, जणू सारी ऊर्जा हे तापमान व हा दाब राखण्यातच खर्च होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत तर हा समज सिद्धांतासारखा उतरविलेला असतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगातून उष्णता बाहेर पडते; ती अन्यत्र वापरता येते. ऊर्जेचा फार मोठा हिस्सा खर्च होतो तो हायड्रोजन मिळविण्यासाठी, म्हणजे नैसर्गिक वायूच्या रूपाने. उत्तम चालणारा वायू-आधारित कारखाना एक टन अमोनियामागे सुमारे २८ गिगाज्यूल ऊर्जा घेतो. म्हणजे किलोमागे सुमारे ७.८ किलोवॅट-तास झाले. पाणी व नायट्रोजन यांपासून अमोनिया करण्यासाठी निसर्गनियमांनुसार लागणारी किमान ऊर्जाच सुमारे २० गिगाज्यूल आहे. दोन्ही प्रक्रियांचा कच्चा माल वेगळा असल्याने ही तुलना काटेकोर नाही. पण ‘अकार्यक्षम’ हे विशेषण या शतकवृद्ध प्रक्रियेला शोभत नाही, एवढे तीवरून कळते. तिचा खरा दोष तिच्या हायड्रोजनात आहे. हा हायड्रोजन जीवाश्म इंधनातून येतो आणि मागे कर्बवायू सोडतो.

हा फरक शाब्दिक नव्हे. दोष हायड्रोजनात असेल, तर हायड्रोजन पाण्याच्या विद्युत-अपघटनाने मिळवून पुढची प्रक्रिया आहे तशीच ठेवणे, हाही एक मार्ग उरतो. आणि तो नवा नाही. नॉर्वेत १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून जलविद्युतेवर असा अमोनिया होत होता. त्याहून जवळचे उदाहरण भाक्रा धरणाच्या पायथ्याशी नांगल येथे आहे. तेथील खत कारखान्याने १९६१ पासून भाक्र्याच्या विजेने पाण्याचे अपघटन करून अमोनिया तयार केला. त्याला जोडून जड पाण्याचा प्रकल्पही उभा राहिला. पुढे विजेला अन्यत्र मागणी वाढली आणि कारखान्याला इंधन तेलाकडे वळावे लागले. विजेपासून अमोनिया करण्याचा अनुभव भारताच्या गाठीशी साठ वर्षांहून अधिक काळ आहे. परंतु आपल्याकडील शोधनिबंधांच्या प्रास्ताविकांत नांगलचे नाव शोधूनही सापडत नाही. नांगलची प्रक्रिया रसायनशास्त्राच्या दृष्टीने अयशस्वी ठरली नव्हती. वीज कोणाला द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर बदलले म्हणून ती मागे पडली. मध्य वैतरणा धरण आपल्या तालुक्यात असूनही त्याचे पाणी २०१४ पासून मुंबईला जाताना पाहणाऱ्या मोखाड्याच्या रहिवाशाला हा मुद्दा फोड करून सांगावा लागणार नाही.

अपघटन आणि हेबर-बॉश यांच्या अशा जोडीला आज किलोमागे सुमारे १० किलोवॅट-तास, म्हणजे १० युनिट वीज लागते. थेट विद्युत-रासायनिक पद्धतीला मागे टाकावयाचे आहे ते या आकड्याला. त्यासाठी एक साधे सूत्र पुरेसे आहे. अमोनियाच्या एका रेणूसाठी तीन इलेक्ट्रॉन लागतात. त्यावरून हिशेब केला असता, एक किलो अमोनियाला लागणारे युनिट म्हणजे ४.७२ गुणिले घटाचा व्होल्टेज, भागिले फॅरडे कार्यक्षमता. येथे फॅरडे कार्यक्षमता म्हणजे एकूण विद्युतप्रवाहापैकी प्रत्यक्ष अमोनिया बनविण्याच्या कामी आलेला अंश. सैद्धांतिक किमान व्होल्टेज १.१७ व फॅरडे कार्यक्षमता पूर्ण धरली, तर किलोला ५.५ युनिट लागतील. व्होल्टेज १.८ असेल, तर १० युनिटांच्या आत राहण्यासाठी फॅरडे कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या वर हवी. आणि व्होल्टेज २ व कार्यक्षमता १० टक्के असेल, तर ९४ युनिट लागतील. पाण्यातील द्रावणांवरील बहुसंख्य निबंध या शेवटच्या पंक्तीत, अथवा तिच्याही खाली, बसतात. तरीही त्यांच्या शीर्षकांत ‘कार्यक्षम’ हा शब्द सर्रास आढळतो. फॅरडे कार्यक्षमता आणि ऊर्जा-कार्यक्षमता या दोन भिन्न राशी आहेत. पहिली सांगणारा व दुसरीविषयी मौन बाळगणारा निबंध ऊर्जाबचतीविषयी काहीच सांगत नसतो, हे वाचकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पुराव्याचा प्रश्न

याहून गंभीर प्रश्न पुराव्याचा आहे. पाण्यातील द्रावणांवरील निबंधांत उत्पादनाचा वेग बहुधा एका चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला एक मोलचा हजार कोटीवा भाग, या कोटीतील असतो. त्याचा अर्थ काय? एक चौरस सेंटिमीटरचा इलेक्ट्रोड, ३० मिलिलिटर द्रावण आणि दोन तासांचा प्रयोग धरला, तर हाती येतो सुमारे १२ मायक्रोग्रॅम अमोनिया. दर मिलिलिटरला ०.४ मायक्रोग्रॅम झाले. इतका अमोनिया घटात शिरण्याचे इतर मार्ग पुष्कळ आहेत. प्रयोग करणाऱ्याच्या श्वासातून तो येतो, हातमोज्यांतून येतो, जंतुनाशकाने पुसलेल्या फरशीवरून येतो. घटाच्या दोन कप्प्यांमधील नॅफिऑनचा पडदा अमोनियम शोषून ठेवतो आणि पुढच्या प्रयोगात सोडतो. उत्प्रेरक बनविताना वापरलेले नायट्रेट त्यात शिल्लक राहते. खुद्द नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये नायट्रोजनची ऑक्साइडे सूक्ष्म प्रमाणात असतात, आणि ती ऋणाग्रावर नायट्रोजनपेक्षा कितीतरी सहजपणे अमोनियात रूपांतरित होतात. मिनिटाला ३० मिलिलिटर वेगाने दोन तास वायू सोडला आणि त्यात दशलक्षात केवळ पाच भाग ऑक्साइडे असली, तर वर सांगितलेल्या साऱ्या अमोनियाचा हिशेब त्यांतूनच लागतो. गोठ्याला लागून असलेल्या ग्रामीण प्रयोगशाळेत ही जोखीम किती वाढते, हे वेगळे सांगावयास नको.

हे केवळ तर्क नव्हेत. अमेरिकेतील एका गटाने २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात, वितळलेल्या हायड्रॉक्साइडमध्ये लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून हवा व वाफ यांपासून १.२ व्होल्टला ३५ टक्के फॅरडे कार्यक्षमतेने अमोनिया मिळाल्याचे जाहीर केले. निबंध गाजला, त्यावर आधारित पुढील काम जगभर सुरू झाले. मात्र त्या अमोनियाचा उगम वायुरूप नायट्रोजन हाच होता, हे समस्थानिकांच्या कसोटीवर टिकले नाही आणि २०२० साली निबंध मागे घेण्यात आला. दरम्यान २०१९ साली डेन्मार्क, अमेरिका व इंग्लंडमधील संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक काटेकोर कार्यपद्धती मांडली : नायट्रोजनाच्या १५ वस्तुमानांकाच्या समस्थानिकाने प्रयोग करावा, तो वायूही आधी शुद्ध करून घ्यावा, आणि त्यातून मिळणारे उत्पादन साध्या नायट्रोजनाच्या उत्पादनाशी परिमाणानेही जुळले पाहिजे. ज्या पद्धती त्यांनी या कसोटीवर घासून पाहिल्या, त्यांपैकी लिथियमचा मार्ग तेवढा खरा उतरला. २०२० साली ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी शंभराहून अधिक प्रकाशित निबंधांची छाननी केली. पाण्यातील द्रावणांविषयीच्या बहुतेक दाव्यांना पुरेसा आधार नाही, असेच त्यांच्या विवेचनातून दिसले.

यानंतर निबंधांचा ओघ आटावयास हवा होता. तो आटला नाही. समस्थानिकाचा प्रयोग आता बहुतेक निबंधांत असतो खरा. पण पुष्कळदा तो ‘आहे’ एवढेच सांगणाऱ्या एका आलेखापुरता असतो, परिमाणाची जुळणी त्यात नसते. या ओघाचे एक कारण आपल्या व्यवसायातही शोधावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांचे गुणांकात मोजमाप सुरू झाले. त्यातून आपल्यासारख्या महाविद्यालयांची अनेक नियतकालिके उभी राहिली. प्रस्तुत नियतकालिकही त्याला अपवाद म्हणता येणार नाही. नवा उत्प्रेरक, सूक्ष्मदर्शकाची चार छायाचित्रे, निळ्या रंगाच्या परीक्षणाचा एक आलेख, एवढ्या सामग्रीवर निबंध होतो. ‘आम्ही मोजले तेव्हा अमोनिया मिळाला नाही’ असे सांगणाऱ्या निबंधाला मात्र जागा मिळत नाही. दोष एकट्यादुकट्या संशोधकाचा नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याला आपण हा विषय देतो त्याची दोन वर्षे कशाच्या मोजमापात जातात, या प्रश्नाची जबाबदारी मार्गदर्शकावरून टळत नाही.

अल्पखर्चात करता येण्याजोग्या कसोट्या नाहीत असे नव्हे. नायट्रोजनऐवजी आर्गॉन सोडून तोच प्रयोग करणे, वीज न देता तितकाच वेळ नायट्रोजन सोडणे, आणि काळानुसार उत्पादन सरळ रेषेत वाढते की आरंभीच वाढून थांबते हे पाहणे, यांना समस्थानिकाचा महागडा वायू लागत नाही. थांबणारी रेषा बहुधा अशुद्धतेची असते. या तीन कसोट्यांनी दावा सिद्ध होत नाही. परंतु खोटा दावा पुष्कळदा येथेच गळून पडतो.

लिथियमचा मार्ग

खरा उतरलेला मार्ग तरी मोखाड्यापर्यंत पोहोचतो काय? लिथियम धातू नायट्रोजनाशी सामान्य तापमानालाही संयोग पावतो आणि त्यातून बनणाऱ्या नायट्राइडाला प्रोटॉन मिळाले की अमोनिया मुक्त होतो, हे तत्त्व आहे. त्याचा विद्युत-रासायनिक वापर १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये फिख्टर व सहकाऱ्यांनी, आणि १९९३-९४ च्या सुमारास जपानमध्ये त्सुनेतो व सहकाऱ्यांनी केला होता. अलीकडील प्रगती निःसंशय मोठी आहे. मोनॅशच्या गटाने २०२२ साली १५ बार दाबाखाली जवळजवळ १०० टक्के फॅरडे कार्यक्षमता नोंदविली. डेन्मार्कच्या गटाने २०२३ साली सलग प्रवाहाच्या, २५ चौरस सेंटिमीटरच्या घटात ६१ टक्के गाठली. या दुसऱ्या निबंधाचे विशेष कौतुक करावयास हवे ते एका कारणासाठी : त्याने ऊर्जा-कार्यक्षमताही स्पष्ट सांगितली आहे. ती १३ टक्के आहे.

ही तूट कौशल्याच्या अभावामुळे नाही. ती मार्गातच आहे. लिथियमचे आयन धातुरूपात आणावयाचे तर हायड्रोजनाच्या तुलनेत सुमारे ३ व्होल्ट मोजावेच लागतात. वरील सूत्राप्रमाणे, फॅरडे कार्यक्षमता पूर्ण शंभर टक्के धरली तरी किलोला १४ युनिटांहून अधिक वीज लागते, आणि त्यात धनाग्रावर खर्च होणारा हायड्रोजन धरलेलाच नाही. म्हणजे हा मार्ग परिपूर्णतेला पोहोचला तरी नांगलच्या पद्धतीच्या आजच्या रूपाहून अधिक खर्चीक राहणार आहे. शिवाय द्रावक म्हणून वापरले जाणारे टेट्राहायड्रोफ्युरान अत्यंत ज्वालाग्राही, आणि सारा घट जवळजवळ निर्जल ठेवणे भाग. जेथे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि मीठ पाझरते, तेथे हा घट एखाद्या पाड्यावर चालविण्याची कल्पना ज्यांनी केली, त्यांनी कोकणचा पावसाळा पाहिलेला नसावा.

नायट्रेटापासून अमोनिया करण्याच्या संशोधनाची लाट सध्या जोरात आहे. तेथे वेग व कार्यक्षमता दोन्ही चांगल्या मिळतात. परंतु औद्योगिक नायट्रेट हे मुळात अमोनियापासूनच बनते. सांडपाण्यातील नायट्रेट वापरले तरच या परिश्रमाला अर्थ येतो. त्याची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही.

गोणीचे गणित

आता गोणीकडे वळू. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के प्रमाणाने २०.७ किलो नत्र असते. तेवढ्या नत्रासाठी सुमारे २५ किलो अमोनिया हवा. हजार कोटीव्या भागाच्या वेगाने चालणारा एक चौरस मीटरचा इलेक्ट्रोड रात्रंदिवस, वर्षभर चालविला, तर त्यातून सुमारे ५३६ ग्रॅम अमोनिया मिळेल. एका गोणीसाठी असे ४७ चौरस मीटर इलेक्ट्रोड वर्षभर अखंड चालवावे लागतील. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने समोर ठेवलेले उद्दिष्ट चौरस सेंटिमीटरला ३०० मिलिअँपिअर व ९० टक्के फॅरडे कार्यक्षमता असे आहे. ते साध्य झाले, तर एक चौरस मीटर दोन दिवसांच्या आतच हे काम करील. आजचे दावे व उद्दिष्ट यांच्यामध्ये दहा हजार पटींचे अंतर आहे, आणि ते सांगताना निबंधलेखक ‘अद्याप सुधारणेस वाव आहे’ असा वाक्प्रयोग करतात.

९४ युनिटांच्या पंक्तीत एका गोणीला सुमारे २,३६० युनिट वीज लागेल. एखाद्या घरात महिन्याला ५० युनिट जळतात असे धरले, तर ही त्या घराची जवळजवळ चार वर्षांची वीज झाली.

पाण्यावर मात्र अशी तक्रार करता येत नाही. मोखाड्यासारख्या टंचाईग्रस्त तालुक्यात पाण्याचे अपघटन करणे म्हणजे क्रूर थट्टा, असा आक्षेप चर्चासत्रांत ऐकू येतो. हिशेब केला असता एक किलो अमोनियाला सुमारे १.६ लिटर, म्हणजे गोणीमागे ४० लिटर पाणी लागते. ते शुद्ध करण्यातील नासाडी धरूनही हे काही हंड्यांपलीकडे जात नाही. आक्षेप घेणाऱ्यांचा कळवळा खरा असला, तरी आक्षेप चुकीच्या जागी आहे.

योग्य जागा आहे ती उत्पादनाच्या स्वरूपाची. वर सांगितलेल्या द्रावणात लिटरमागे नत्र असते ते सुमारे एकतृतीयांश मिलिग्रॅम. एका गोणीइतके नत्र हवे, तर असे सहा कोटी लिटरांहून अधिक द्रावण खाचरात सोडावे लागेल. पावसाच्या पाण्यात निसर्गतः विरघळलेले अमोनियमही याच पंक्तीतील असते, आणि ते जव्हारच्या आकाशातून फुकट पडते. द्रावणातून अमोनिया वेगळा काढणे, तो संहत करणे व घन खतात बांधणे यांना लागणारी ऊर्जा निबंधांत मोजलेली नसते. त्यातही युरिया बनविण्यासाठी कर्बवायू हवा. याच कोकणपट्टीत, अलिबागजवळ थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतानाच उपलब्ध होतो. हवा-पाण्याच्या अमोनियाबरोबर तो येत नाही. शेतकरी अमोनिया विकत घेत नाही आणि उतारावरच्या खाचरात त्याचा वायू टोचणारे यंत्रही चालणार नाही. तो गोणी आणतो, दात्याने टोक उसवतो आणि हाताने फेकतो.

मग विकेंद्रित निर्मितीचे समर्थन कोठून आले? ते प्रामुख्याने आफ्रिकेतील समुद्रापासून दूर असलेल्या देशांच्या अनुभवातून आले. तेथे बंदरापासून शेतापर्यंत पोहोचताना खताची किंमत वाहतुकीमुळे फार चढते. आणि त्या संदर्भात हा युक्तिवाद रास्तच आहे. महाराष्ट्रात मात्र युरियाची कमाल विक्रीकिंमत शासन ठरविते. करांसह सुमारे २६६ रुपये ५० पैशांची गोणी वसईलाही त्याच किमतीची आणि मोखाड्यालाही त्याच किमतीची. वाहतुकीचा भार अनुदानात जातो. नत्राचा दर किलोला सुमारे १३ रुपये पडला. १० युनिटांच्या आदर्श पद्धतीतही किलोभर नत्राला १२ युनिट लागतात. केवळ विजेचाच खर्च, ५ रुपये दराने, ६० रुपये होईल. अनुदान हे शेवटी जनतेच्याच खिशातून जाते आणि वायूचा मोठा भाग आयात होतो, म्हणून देशाच्या पातळीवर हरित अमोनियाचा विचार आवश्यकच आहे. २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे औचित्य तेच. पण तो विचार मोठ्या कारखान्यांचा आहे. मोखाड्याच्या शेतकऱ्याची अडचण गोणीच्या किमतीहून वेळेची अधिक आहे : लावणी उरकली, पाऊस लागून राहिला, आणि दुकानात माल आलेला नाही. या अडचणीवर सौर संयंत्राचा उतारा आणखी एका कारणाने दुबळा आहे. नत्र लागते ते जून ते सप्टेंबर, आणि सूर्य झाकलेला असतो तोही याच चार महिन्यांत.

मोखाड्याचे खाचर

या सगळ्या चर्चेत ‘ऊर्जा-कार्यक्षम’ या शब्दाची व्याप्ती घटाच्या दोन टोकांपुरती ठरलेली आहे. ती खाचरापर्यंत नेली तर चित्र बदलते. कोकणात भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस केली जाते. पाणी साचलेल्या खाचरात फेकून दिलेल्या युरियातील साधारण तिसरा हिस्सा पिकाला मिळतो. उरलेला अमोनिया होऊन हवेत उडतो, नायट्रेट होऊन झिरपतो अथवा वायुरूप नायट्रोजन होऊन परत जातो, किंवा बांध फोडून वाहणाऱ्या पाण्याबरोबर ओढ्याला मिळतो. म्हणजे पिकाच्या मुळाशी पोहोचलेल्या प्रत्येक किलो नत्रासाठी तीन किलो नत्राची ऊर्जा खर्ची पडलेली असते. ऋणाग्रावर निम्मी ऊर्जा वाचविणे हे रसायनशास्त्राचे स्वप्न आहे. खाचरात तिच्यातील मोठा हिस्सा दरवर्षी सांडतो, आणि तो ऊर्जेच्या हिशेबात धरला जात नाही.

हा सांडलेला हिस्सा कमी करण्याचा एक उपाय याच कोकणात विकसित झाला. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी, यांची सांगड आहे. गोळी चिखलात खोल असल्याने नत्र वरच्या पाण्यात फारसे येत नाही. युरिया असा खोल दिला असता सुमारे एकतृतीयांश वाचतो, असा आशियातील भातशेतीचा सर्वसाधारण अनुभव आहे. गोळी खोचण्यास मजूर अधिक लागतात, पाठ मोडते, आणि लावणीच्या घाईत ते काम मागे पडते, हीही तितकीच खरी गोष्ट आहे. म्हणूनच ती पद्धत ज्ञात असूनही सर्वदूर पसरली नाही.

परंपरागत उपायांचेही भाबडे कौतुक नको. राब भाजण्याच्या पद्धतीचा ‘नैसर्गिक खत’ म्हणून गौरव होतो. पण पालापाचोळा व शेण जाळताना त्यातील नत्राचा बहुतांश उडूनच जातो. रोपांना लाभ होतो तो राखेतील पालाशाचा व स्फुरदाचा, आणि तणाचे बी जळून गेल्याचा. वरकस उतारावरील नागली-वरईला तर रासायनिक खत फारसे पडतच नाही. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर झाले. ज्या घरांत ते झाले त्यांचे धान्य अशाच जमिनींतून येते. नत्राचा प्रश्न येथे ऊर्जाबचतीच्या आलेखाचा नसून ताटातल्या भाकरीचा आहे, आणि म्हणूनच शोधनिबंधांच्या प्रास्ताविकात या शेतकऱ्याचे नाव घेऊन मग त्याला विसरणे खटकते.

विद्युत-रासायनिक संशोधन थांबवावे, असा याचा अर्थ नव्हे. ज्यांच्याकडे समस्थानिक, वस्तुमान-वर्णपटमापक आणि वायुशुद्धीकरणाची सोय आहे, त्यांनी ते जरूर करावे. कोठेतरी असा उत्प्रेरक सापडेलही. परंतु महाविद्यालयीन प्रयोगशाळेकडे जी साधने आहेत, त्यांचा हिशेब वेगळा मांडता येतो. ऋणाग्राजवळचे १२ मायक्रोग्रॅम शोधण्यासाठी जी इंडोफिनॉलची निळ्या रंगाची पद्धत आणि जो रंगमापक वापरला जातो, त्यांच्याच साह्याने खाचरातील पाण्याचे अमोनियम मोजता येते. तेथे ते लिटरला काही मिलिग्रॅमांच्या घरात असते, म्हणजे श्वासातल्या व हातमोज्यांतल्या अमोनियाने निकाल उलटत नाही. लावणीनंतर एका खाचरात युरिया फेकून, शेजारच्या खाचरात गोळी खोचून, आठवडाभर रोज सकाळी दोन्हींच्या पाण्याचा नमुना घेतला, त्याचा सामू व तापमान नोंदविले, आणि मोठ्या सरीनंतर बांधावरून वाहून जाणारे पाणीही बाटलीत धरले, तर एका हंगामात जव्हार-मोखाड्याच्या तांबड्या जमिनीतील नत्राच्या गळतीची आकडेवारी हाती येईल. नमुना घेतल्यावर लगेच आम्ल टाकून थंड ठेवावा लागतो, आणि गावातून प्रयोगशाळेपर्यंतची एस.टी. दिवसातून किती वेळा सुटते, यावर किती खाचरे निवडावयाची ते ठरते.